सोबत कोण आहे?

बुधवार. जिल्ह्याच्या सिव्हिल हॉस्पिटलचा मागचा व्हरांडा. दिव्यांग मंडळ साडेदहाला बसतं, पण माणसं पहाटेच्या मुक्कामी एसट्या धरून आठच्या आतच आलेली आहेत. जिन्याखाली आमचं टेबल आहे. आम्ही तीन-चार जण इथं फॉर्म भरून देतो, झेरॉक्स कमी पडली तर आणून देतो, कोणत्या खोलीत जायचं ते सांगतो. पगार नाही, ओळखपत्र नाही, टेबलसुद्धा रक्तपेढीकडून उसनं आणलेलं.

“पेशंटसोबत कोण आहे?” नऊ नंबरच्या खोलीच्या दारातून शिपाई मामा ओरडतात आणि चार-पाच बायका एकदम उठून उभ्या राहतात. मामांनी नाव उच्चारलेलंच नाही, पण ‘सोबत’ म्हटलं की आपल्यालाच बोलावलं, असं इथल्या प्रत्येकीला वाटतं.

मंडळ टक्के देतं. चाळीसच्या खाली पांढरं कार्ड, चाळीस ते ऐंशीच्या आत पिवळं, ऐंशी आणि वर निळं. त्या टक्क्यांवर पुढचं सगळं: एसटीची सवलत, निराधारचे पैसे, ग्रामपंचायतीचा पाच टक्के निधी. २०१६च्या कायद्यानं आधीच्या सात प्रकारांचे एकवीस केले, म्हणून आता रांगेत सिकलसेलचा मुलगा आहे, पार्किन्सनचे आजोबा आहेत. या रांगेतल्या बहुतेकांच्या शेजारी आणखी एक माणूस आहे. फॉर्मवर त्याच्यासाठी नाव आणि नातं एवढीच जागा आहे. त्याची झोप, त्याचा बुडालेला रोज, त्याची कंबर यांना रकाना नाही.

फाटकातून रिक्षा थेट रॅम्पपर्यंत येते. विशीचा एक मुलगा उतरतो आणि मागच्या सीटवरच्या आईपुढं उकिडवा बसतो. आईची डावी बाजू गेलेली आहे. तो तिचा उजवा हात आपल्या मानेवर घेतो, तिचे गुडघे आपल्या गुडघ्यांमध्ये धरतो आणि “एक, दोन, तीन” म्हणत उचलतो. पाठ वाकलेली, चेहरा लाल. शेजारून जाणाऱ्या फिजिओथेरपिस्ट मॅडम थांबतात.

“कंबरेत वाकू नको. गुडघ्यात वाक. नाहीतर वर्षभरात तूच माझ्याकडे येशील.”

मुलगा हसतो. कुणी शिकवलं, असं मी विचारतो तर म्हणतो, “मोबाइलवर बघून.” कॉलेज दुसऱ्या वर्षाला सोडलंय. रात्री एमआयडीसीत आठ तास, दिवसा आई. रात्री तिच्याजवळ शेजारच्या काकू झोपतात.

मॅडम आईला स्ट्रेचरवर कुशीवर वळवतात, पदर सारखा करतात आणि माकडहाडापाशी बघतात. “हे लाल कधीपासून?”

“लाल होतं. आता थोडं काळं दिसतंय.”

मॅडम गप्प होतात, मग कामाला लागतात. त्याच्या डोळ्यांदेखत सगळं करून दाखवतात. दर दोन तासांनी कूस बदलायची: डावी, उजवी. कुशीवर ठेवताना पाठीशी उशी, दोन गुडघ्यांच्या मध्ये उशी. पोटऱ्यांखाली अशी उशी घालायची की टाच गादीला टेकणारच नाही. ओढून सरकवायचं नाही, कातडी सोलते. खाली चादर घालून दोघांनी चादर उचलायची. काळं पडलेल्या जागी मालिश अजिबात नाही, ती जागा आजच सर्जरीच्या ओपीडीत दाखवायची. मुलगा केसपेपरच्या पाठीवर लिहून घेतोय. मग पेन थांबतं.

“घरी सोडताना हे कुणी सांगितलंच नाही, मॅडम. बिल भरलं, गोळ्यांचं सांगितलं आणि गाडी बोलवायला सांगितलं.”

आजारी माणूस घरी पाठवला की त्याच्यामागून एक बिनप्रशिक्षित परिचारक आपोआप नेमला जातो. त्याला शिकवणं ही कुणाची जबाबदारी, ते कुठल्या कागदावर लिहिलेलं नसतं. मनात आणलं तर शिकवता येतं. पुण्यात वारज्याला सिप्लाचं पॅलिएटिव्ह केअर केंद्र १९९७पासून चालू आहे. तिथं कॅन्सरच्या रुग्णाबरोबर घरच्या माणसालाही ठेवून घेतात आणि ड्रेसिंगपासून कूस बदलण्यापर्यंत सगळं शिकवून घरी पाठवतात, तेही विनामूल्य. आमच्या व्हरांड्यात ते काम मॅडमच्या पाच मिनिटांवर भागतं, आणि ती पाच मिनिटं त्यांच्या चहाच्या सुट्टीतली असतात.

बाकावर दोन आया शेजारी-शेजारी बसल्या आहेत. एक पोस्टात आहे, काउंटरवर. तिचा मुलगा व्हीलचेअरवर, सेरेब्रल पाल्सी, येत्या महिन्यात अठरा पूर्ण. दुसरी शेतमजूर. तिची दहा वर्षांची मुलगी तिच्याच मांडीवर आहे आणि आजार तोच. मुलीचं डोकं सारखं मागं जातं, आई दर वेळी तळहातानं ते पुढं आणते. बोलताना, पाणी पिताना, मला आधार कार्ड काढून देतानासुद्धा तो हात मानेमागचा हलत नाही.

पोस्टातल्या ताईंची फाइल बघण्यासारखी आहे. प्लॅस्टिकच्या कप्प्यांत एकेक हक्क नीट लावून ठेवलेला. केंद्राच्या नोकरीत बाईला मुलांच्या संगोपनासाठी नोकरीभरात ७३० दिवसांची रजा मिळते, आणि मूल दिव्यांग असेल तर वयाची अट नाही. दिव्यांग मुलाला सांभाळणाऱ्या कर्मचाऱ्याला नेहमीच्या फिरत्या बदल्यांतून सूट, हा २०१४चा आदेश. २०१८मध्ये ती सूट जोडीदार, आईवडील, भाऊ-बहीण यांना सांभाळणाऱ्यांपर्यंत वाढवली. आयकराच्या जुन्या पद्धतीत पंचाहत्तर हजारांची वजावट, तीव्र दिव्यांगत्व असेल तर सव्वा लाखाची. मुलाची ‘निरामय’ आरोग्य विमा पॉलिसी, एक लाखापर्यंतची; तिच्यात थेरपीचा खर्चही धरतात.

“आणि अठराचा झाला की पालकत्व,” ताई मलाच शिकवतात. “बऱ्याच जणांना माहीतच नसतं. अठरा पूर्ण झाले की कायद्यानं तो सज्ञान, आपण आई असलो तरी त्याच्या वतीनं सही चालत नाही. कलेक्टरसाहेबांची लोकल लेव्हल कमिटी असते, तिच्याकडे अर्ज करायचा.” हे १९९९च्या राष्ट्रीय न्यास कायद्याखालचं. सेरेब्रल पाल्सी, स्वमग्नता, बौद्धिक दिव्यांगत्व आणि बहुदिव्यांगत्व, एवढ्या चारांनाच ते लागू आहे.

शेतमजूर आई सगळं कान देऊन ऐकतेय. ताईंनी फाइल मिटल्यावर ती विचारते, “आमाला कसली रजा, बाई? गेलं तर रोज, न्हाई गेलं तर न्हाई. खुरपायला गेले की हिला बांधाच्या कडंला झाडाखाली निजवते. मुकादम म्हणतो, तुझं निम्मं लक्ष तिकडंच, निम्माच रोज घे.”

ताईंना पटकन काही सुचत नाही. मलाही नाही.

दोघींचं काम तंतोतंत सारखं. दोघी भरवतात, दोघी धुतात, दोघी रात्री तीन वेळा उठतात. एकीच्या फाइलमध्ये सहा आदेश आहेत, दुसरीच्या पिशवीत रेशन कार्ड. कारण रजा, बदलीतली सूट, वजावट हे हक्क पगाराच्या चिठ्ठीला जोडलेले आहेत, सांभाळण्याला नव्हेत. ज्या बाईकडे चिठ्ठीच नाही, तिच्यासाठी सरकारकडे रजा नाही, वजावट नाही आणि बदलीचा तर प्रश्नच येत नाही.

तिच्यासाठी जे आहे ते मी कागदावर लिहून देतो. मुलीच्या नावावर संजय गांधी निराधार योजना. दिव्यांगांना पूर्वी दीड हजार मिळायचे, २०२५मध्ये ते महिना अडीच हजार झाले. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला पन्नास हजारांच्या आतला हवा. गावात ग्रामसेवकाला पाच टक्के निधीचा अर्ज, साध्या कागदावर. आणि एसटी: मुलीला पाऊण भाडं माफ, पासष्ट टक्क्यांवर दिव्यांगत्व असेल तर सोबतच्या माणसाला निम्मं.

“निम्मं तर तसंबी हाय की,” ती म्हणते. “बायांना समद्यांनाच.”

खरंच की. मार्च २०२३पासून एसटीत सगळ्याच बायकांना अर्धं तिकीट आहे. सोबत जाणारा माणूस जवळजवळ नेहमी बाईच असतो, तेव्हा साथीदाराची सवलत तिच्या हाती पडायच्या आधीच संपलेली. आणखी एक पैसा तिच्या खात्यात येतो: लाडकी बहीणचे दीड हजार. तो ती बाई आहे म्हणून येतो. मुलीचं डोकं दहा वर्षं सावरतेय, त्याबद्दल येणारा एकही रुपया तिच्या नावावर नाही.

साडेअकरा. नऊ नंबरमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर आलेत. माझ्यासमोर एक काका-काकू बसलेत. काका साखर कारखान्यात वजनकाट्यावर होते, आता त्रेसष्ट वर्षांचे. धुतलेला पांढरा शर्ट, दाढी स्वच्छ केलेली, केसांना तेल. समोरून कुणीही गेलं की ते विचारतात, “किती टन?” मामांना विचारतात, नर्सना विचारतात, मलाही. मी पहिल्यांदा गडबडतो. काकू हळूच म्हणतात, “काहीपण सांगा. अठरा सांगा. समाधान होतं त्यांचं.” मी “अठरा” म्हणतो. काका मान हलवतात आणि बोटानं मांडीवर आकडा लिहितात.

पाच वर्षं झाली. आधी चाव्या विसरायचे, मग रस्ता, आता धाकट्या मुलीचं नाव. फॉर्म भरताना काकूंनी सगळं सांगितलंय. रात्री दोनला उठून कारखान्याला निघतात, म्हणून कुलूप आतून लावून किल्ली त्यांच्या कमरेला असते. कपड्यांत होतं. कधी हात उगारतात. शेवटचं वाक्य त्या अगदी खालच्या आवाजात बोलल्या होत्या.

नाव पुकारलं जातं. काकू मला म्हणतात, “तुम्ही चला आत.” डॉक्टर हरकत घेत नाहीत. तरुण आहेत, घाईत नाहीत. समोर ‘आयडियाज’ची मोजपट्टी आहे. इंडियन सायकिअॅट्रिक सोसायटीनं ती बनवलेली आहे. स्वतःची निगा, माणसांशी वागणं, बोलणं आणि समजणं, काम असे चार भाग. प्रत्येकाला शून्य ते चार गुण, वर आजाराच्या वर्षांचे गुण. वीसपैकी सात झाले तर चाळीस टक्क्यांच्या रेषेवर. ही माहिती रुग्ण देऊ शकत नाही, ती सांभाळणाऱ्याच्या तोंडूनच यायची.

“अंघोळ स्वतः करतात?”

“हो, करतात की.”

मी काकूंकडे बघतो. त्या सरळ डॉक्टरांकडे बघताहेत.

“कपडे?”

“घालतात.”

“जेवण?”

“जेवतात. व्यवस्थित जेवतात.”

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं आहे, पण अजून आकडा पडलेला नाही. ते काकांच्या भांगाकडे, शर्टाच्या नीट लावलेल्या बटणांकडे बघतात. मग खुर्ची थोडी पुढं ओढतात.

“काकू, अंघोळीचं पाणी कोण काढतं?”

“मी.”

“न्हाणीत कोण नेतं?”

“मीच नेते.”

“साबण?”

“मी लावते.”

“पाणी कोण ओततं?”

“मीच.”

“मग अंघोळीत ते काय करतात?”

काकू क्षणभर थांबतात. “ते बसतात.”

डॉक्टर हसत नाहीत. काकांना ते मामांबरोबर बाहेर पाठवतात. काका मामांना टनाचं विचारत जातात. दार लोटल्यावर डॉक्टर म्हणतात, “तुम्ही त्यांना इतकं छान ठेवलंय की बघणाऱ्याला आजार दिसतच नाही. तुम्ही करता ते बाजूला काढा. एक दिवस तुम्ही घरात नाही असं धरा. मग ते काय करतील, तेवढंच सांगा.”

मग मात्र सगळं येतं. कुलूप, किल्ली, रात्रीचे दोन, कपडे, उगारलेला हात. काकू एकदाही डोळे पुसत नाहीत, फक्त पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहतात. डॉक्टर एकेका भागापुढं आकडे लिहितात.

हे मी या टेबलावर पुन्हापुन्हा बघतो. घरातलं झाकायची सवय इतकी जुनी की जिथं झाकल्यानं नुकसान होतं तिथंही हात आपोआप पदराकडे जातो. नवऱ्याची लाज राखायला काकू “करतात की” म्हणाल्या. ती तीन उत्तरं तशीच कागदावर उतरली असती तर काका बहुधा चाळीसच्या आत राहिले असते आणि काकूंची पाच वर्षं कुठल्याच हिशेबात आली नसती. म्हणून आता फॉर्म भरून झाल्यावर मी प्रत्येकाला बजावतो: आत गेल्यावर चांगला दिवस सांगू नका, रोजचा दिवस सांगा.

डॉक्टर पेन बंद करतात आणि शेवटचा प्रश्न विचारतात. तो फॉर्मवर नाही. “तुम्ही झोपता कधी?”

काकूंना प्रश्न कळायलाच वेळ लागतो. “ते झोपले की.”

केसपेपरच्या कोपऱ्यात डॉक्टर १४४१६ लिहितात. “टेली-मानस. चोवीस तास चालू असतं, मराठीत बोलतात, पैसे पडत नाहीत. हा नंबर त्यांच्यासाठी नाही, तुमच्यासाठी.”

बाहेर आल्यावर काकूंची खरी अडचण निघते. काकांची जेमतेम पेन्शन बँकेत येते आणि सही जुळत नाही. बँकवाले म्हणतात, पालकत्वाचा कागद आणा. मी पोस्टातल्या ताईंकडे बघतो, त्या मान हलवतात. कमिटी त्या चार प्रकारांपुरतीच, स्मृतिभ्रंश त्यांत बसत नाही. २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्यात माणूस शुद्धीत असताना साध्या कागदावर सही करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी ठरवू शकतो. पण तो उपचारांपुरता, बँकेला तो कागद पुरत नाही. अंगठा उठवून, दोन साक्षीदारांसमोर पैसे काढायची सोय रिझर्व्ह बँकेनं ठेवलेली आहे, पण ती ज्याला सही जमत नाही त्याच्यासाठी. व्यवहारच कळत नाही त्याचा प्रश्न तिनं सुटत नाही. कोमात गेलेल्या नवऱ्यासाठी बायका मुंबई उच्च न्यायालयात गेल्या आहेत आणि न्यायालयानं त्यांना पालक नेमलंही आहे. काकूंना मुंबईचा वकील परवडणार कसा? मी त्यांना जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं ऑफिस कुठं आहे ते सांगतो. बाईला तिथं वकील मोफत मिळतो, उत्पन्नाची अट न लावता. कोर्टाच्याच आवारात, डाव्या हाताला.

काकू पत्ता लिहून घेत नाहीत, दोनदा म्हणून पाठ करतात. तेवढ्यात शेतमजूर आई सरकून त्यांना बाकावर जागा देते, आणि थोड्या वेळानं दोघी रात्री न झोपणाऱ्या माणसाला दुपारी झोपू द्यावं की नाही यावर बोलायला लागतात. पुण्यात स्किझोफ्रेनियाच्या कुटुंबांसाठी डॉ. जगन्नाथ वाणींनी १९९७मध्ये ‘सा’ संस्था काढली, स्मृतिभ्रंशाच्या कुटुंबांसाठी एआरडीएसआय आहे. जिल्ह्याच्या गावाला आधारगट म्हणजे हा बाक, आणि तोही बुधवारपुरता.

दीड वाजतो. मंडळ जेवायला उठलंय. डबे उघडतात: भाकरी, शेंगदाण्याची चटणी, ताईंच्या डब्यात मटकी. आधी ज्याला भरवायचं त्याला भरवलं जातं, मग उरलेल्या वेळात आपलं. एमआयडीसीतला मुलगा सर्जरीतून परत आलाय, आईला वरणभात कालवून देतोय आणि मोबाइलवर दोन-दोन तासांचे गजर लावतोय.

मी पिशवीतून २०१६च्या कायद्याची मराठी प्रत काढतो आणि मोठ्यानं वाचतो, कारण सकाळपासून सगळ्यांच्या बोलण्यात तेच येतंय. काळजी घेणारा म्हणजे कोण, ते या कायद्यात लिहिलेलं आहे: पैसे घेऊन किंवा न घेता सांभाळणारी कुणीही व्यक्ती, त्यात आईवडील आणि घरचे आलेच. आणि कलम २४मध्ये सरकारनं कोणकोणत्या योजना कराव्यात त्याची यादी आहे. तिच्यात जास्त आधार लागणाऱ्या दिव्यांगांसाठी काळजीवाहक भत्ता आहे.

“म्हणजे आमच्यासाठीच,” मुलगा घास हातात धरून म्हणतो. “मग मिळतो कुठं?”

त्याच कलमाच्या सुरुवातीला ‘आर्थिक कुवतीच्या मर्यादेत’ असं आहे, तेही मी वाचतो. शेतमजूर आई हसते. कुवतीचं तिला समजावून सांगावं लागत नाही.

केरळची कुवत मात्र निघाली. तिथं ‘आश्वासकिरणम्’ योजनेत अंथरुणाला खिळलेल्या माणसाला सांभाळणाऱ्या घरच्या माणसाला महिना सहाशे रुपये ठरवलेले आहेत. सहाशेत आजच्या बाजारात डायपरची दोन पुडकीही धड येत नाहीत. पण ते सांभाळणाऱ्याचं काम मानून दिलेले पैसे आहेत. आपल्याकडे डिसेंबर २०२२मध्ये दिव्यांगांसाठी वेगळा विभाग झाला. खातं आहे, मंत्रालय आहे, कलमही आहे. या तिघांच्या मध्ये भत्त्याची फाइल कुठं आहे, एवढंच विचारायचं राहिलंय.

“विचारू की मग,” पोस्टातल्या ताई हात पुसत म्हणतात. “माहितीचा अधिकार आहे ना? दहा रुपयांचं तिकीट, तीस दिवसांत उत्तर.”

मी कोरा कागद घेतो. विषय लिहितो, कलम लिहितो, तीन प्रश्न लिहितो. काळजीवाहक भत्त्याबाबत विभागानं आजवर काय निर्णय घेतला? त्यासाठी किती तरतूद केली? योजना झाली नसेल तर प्रस्ताव कुणाकडे आहे? दारिद्र्यरेषेखालच्या कार्डावर दहा रुपयेही लागत नाहीत, तेव्हा अर्ज कुणाच्या नावानं करायचा ते उघडच आहे. शेतमजूर आई पिशवीतून रेशन कार्ड काढते.

“पोरीचं नाव घालायचं न्हवं?”

“नाही. अर्जदार तुम्ही. तुमचं पूर्ण नाव सांगा.”

ती नाव सांगते, नवऱ्याचं, आडनाव, गाव, तालुका. सही करायला दोन्ही हात लागणार म्हणून मुलीला काकूंच्या मांडीवर देते. काकू न सांगता तळहात मानेमागं लावतात. सही हळूहळू, एकेक अक्षर सुटं काढत होते.

“आणि उत्तरच आलं न्हाई तर?”

“तर अपील,” ताई अर्ज पाकिटात घालतात. “हे मंत्रालयात स्पीड पोस्टानं जाईल, उद्या सकाळी, माझ्याच काउंटरवरून. पावती मी ठेवते. आणि पाकीट पोचलं नाही असं म्हणायची सोय त्यांना ठेवायची नाही, ते माझ्याकडे लागलं.”